यंदाचं सीमोल्लंघन: साताऱ्याचे बाबा आणि न्यू हॅम्पशायरचा 'कंकण घाट'

"झाडाची पानं बघायला तीन तास जायचं आन् तीन तास यायचं?" आईने हे विचारलं तेव्हा ती ओट्यापाशी उभी राहून साबुदाणा भिजवत होती आणि तिच्या आवाजात कौतुक अजिबात नव्हतं. मी म्हटलं अगं आई लोक विमानाने येतात ही पानं बघायला. त्यावर ती म्हणाली, "लोकांना कामं नसत्यात."

तर अशी सुरुवात आहे. आई-बाबा साताऱ्याहून ऑगस्टमध्ये आलेत, ऑक्टोबर अखेरपर्यंत आहेत, आणि मी ठरवलंय की काहीही झालं तरी ह्या वर्षी त्यांना फॉल कलर्स, म्हणजे गळायच्या आधी पानं रंगतात ते, नीट दाखवायचे. 'नीट' ह्या शब्दावर जोर आहे कारण आम्ही ह्याआधी दोनदा गेलोय आणि दोन्ही वेळा माती खाल्लीय. आम्ही राहतो मॅसॅच्युसेट्समध्ये श्रूजबरीला, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या न्यू इंग्लंडच्या ऐन मध्यात, जगातला सगळ्यात गाजलेला फॉल आमच्या अंगणाच्या टप्प्यात, आणि तरी आमच्याकडे आजवर एक धड फोटो नाही, ह्याला काय म्हणावं.

पहिली वेळ २०२२ ची. कोलंबस डेचा लाँग वीकेंड, ऑक्टोबरचा दुसरा सोमवार असतो तो, त्याच्या आधीचा शनिवार. आम्ही आरामात उठून पोहे वगैरे करून नऊला निघालो. (हसू नका.) न्यू हॅम्पशायरमधल्या लिंकनला पोहोचायलाच साडेबारा वाजले आणि तिथून कँकामॅगस हायवे सुरू होतो, इथले लोक त्याला लाडाने नुसतं 'कँक' म्हणतात, तर त्या कँकवर गाडीमागे गाडी, गाडीमागे गाडी, गणपती विसर्जनाला लक्ष्मी रोडवर असते तशी गर्दी, फक्त ढोल नाहीत. एकूण एक ओव्हरलुकचं, म्हणजे थांबून दरी बघायच्या जागेचं, पार्किंग फुल्ल, लोकांनी रस्त्याच्या कडेला चिखलात गाड्या घातलेल्या. आम्ही कुठेच उतरू शकलो नाही. वळणांनी आमच्या चिरंजीवांच्या पोटात ढवळून पोहे बाहेर आले. आणि वर पेट्रोलचा दिवा लागला. त्या ३४ मैलांत एकही पेट्रोल पंप नाही, नॅशनल फॉरेस्ट आहे तो सगळा, आणि हे आम्हाला माहीत नव्हतं, तेव्हा नवऱ्याने एसी बंद केला आणि उतारावर चक्क न्यूट्रलमध्ये गाडी सोडली.

हा शेवटचा भाग मी परवा जेवताना सांगून बसले आणि बाबांचा घास हातातच राहिला. माझे बाबा बत्तीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. खंबाटकी, पसरणी, आंबेनळी सगळे घाट त्यांनी लाल डब्याने रात्री-अपरात्री काढलेत. त्यांनी जावयाकडे बघितलं, म्हणजे नुसतं बघितलंच, आणि मग हळू आवाजात म्हणाले, "जावईबापू, उतारावर न्यूट्रल? आमच्यात ह्यापायी घरी बसवत्यात माणसाला." नवरा त्या दिवसापासून गाडीत बसताना जरा अदबीने बसतो.

दुसरी वेळ त्याच्या पुढच्या वर्षीची. तेव्हा आम्ही शहाणे झालो होतो, म्हणजे तसं आम्हाला वाटत होतं. इंटरनेटवर फॉलिएजचे नकाशे असतात, हिरव्यापासून पिवळा, नारिंगी, मग गडद लाल म्हणजे 'पीक', आणि त्यानंतर चॉकलेटी म्हणजे खेळ खल्लास. मी सप्टेंबरपासून दररोज तो नकाशा उघडून बसायची, शेअर बाजारवाले स्क्रीन बघतात तशी. ह्या शनिवारी नारिंगी होतं, म्हटलं थांबूया, पुढच्या शनिवारी पूर्ण लाल होईल. झालंही असेल, पण मधल्या आठवड्यात पाऊस आणि वारा असा काही आला की आम्ही गेलो तेव्हा रस्त्यावर पानांचा चिखल आणि वर नुसते खराटे. नवरा म्हणाला, छान, आता खाली बघून गाडी चालवायची.

ह्या दोन फजितींवरून माझं एक मत झालंय आणि ते मी इथे ठणकावून सांगणार: पीकचा नाद सोडा. पीक नावाची एक तारीख नसतेच मुळी. रंग उत्तरेकडून दक्षिणेला आणि डोंगरमाथ्यावरून खाली दरीत उतरत येतो. मग तुम्ही एकाच दिवसात पाचशे फुटांवरून पावणेतीन हजार फुटांवर आणि परत खाली असा रस्ता घेतलात तर कुठेतरी, कुठल्या तरी उंचीवर तुम्हाला पीक भेटणारच. दरी हिरवी असली तर माथा लाल असेल, माथ्याची गळून गेली असली तर दरी पेटलेली असेल. आणि कँकची हीच तर गंमत आहे, दुसऱ्या टोकाला कॉनवे गाव आहे, त्या बाजूला साधारण पाचशे फुटांपासून सुरू होऊन खिंडीत २,८५५ फुटांवर जातो आणि लिंकनला परत खाली. म्हणून आधी वार ठरवायचा, गर्दी नसलेला, आणि उरलेलं काम उंचीवर सोपवायचं. नकाशावाले उलट सांगतात. सांगू देत.

साताऱ्याच्या माणसाला हे खरं तर समजवायची गरज नाही. कासला काय वेगळं होतं? सप्टेंबरात पठार फुललं की शनिवार-रविवारी यवतेश्वरपासून गाड्यांची रांग, ऑनलाइन बुकिंग, आणि माणसं फुलांपेक्षा जास्त. आणि आम्ही सातारकर काय करायचो, मंगळवारी सकाळी स्कूटर काढून जायचो. इथे व्हरमाँटमध्ये पॉमफ्रेट म्हणून एक गाव आहे, तिथलं एक खासगी शेत सोशल मीडियावर एवढं गाजलं की लोक कुणाच्याही अंगणात शिरून कपडे बदलून फोटो काढायला लागले, शेवटी २०२३ च्या फॉलमध्ये गावाने तो रस्ता बाहेरच्यांना बंद करून टाकला. मला त्या गावकऱ्यांचा राग येत नाही, उलट असं वाटतं की आणखी चार गावांनी करावं. इथे ह्या पानं बघत फिरणाऱ्या टुरिस्टांना 'लीफ पीपर' म्हणतात, आणि म्हणण्याचा सूर आपल्याकडे 'पुण्याहून आलेत' म्हणतात तसा असतो.

तर वार. आणि इथे माझ्या नशिबाने ह्या वर्षी कमाल केलीय. गुरुवार, २ ऑक्टोबर २०२५. यॉम किप्पूर आहे त्या दिवशी, ज्यू लोकांचा मोठा सण, त्यामुळे आमच्या इथे शाळेला सुट्टी. पण बहुतेक ऑफिसं चालू. म्हणजे आठवड्याचा मधला दिवस, पोरगं मोकळं, रस्ते त्यातल्या त्यात मोकळे, आम्ही दोघांनी रजा टाकली की झालं. कोलंबस डेच्या अकरा दिवस आधी, त्यामुळे हॉटेलवाल्यांचे भाव अजून आभाळाला टेकलेले नाहीत, अर्थात आम्ही राहणारच नाही, एका दिवसात परत.

एरवी मी २ ऑक्टोबर जरा लवकर म्हटलं असतं. पण यंदा उन्हाळाभर पाऊस कमी झालाय, न्यू हॅम्पशायर आणि व्हरमाँटमध्ये तर रीतसर दुष्काळ म्हणतायत, आणि झाडाला पाणी कमी पडलं की ते दुकान लवकर बंद करतं. आमच्या मागच्या रस्त्यावरचा एक मेपल आत्ताच अर्धा लाल झालाय. तेव्हा दहा दिवस वाट बघण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

हे सगळं मी जेवणाच्या टेबलावर मोठ्या उत्साहाने सांगितलं आणि आईने उठून साताऱ्याहून आणलेलं कालनिर्णय उघडलं. दोन तारीख. दसरा. 

"दसऱ्याला घर बंद करून पानं बघायला?"

मी गप्प. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. घट बसलेत घरात, नऊ दिवसांचा उपवास आहे तिचा. आणि मग बाबा, जे इतका वेळ काही बोलले नव्हते, ते पापड मोडत म्हणाले, "अगं दसऱ्याला घरात बसत्यात का कोणी? सीमोल्लंघन करायचं असतं. हिथं तर राज्याची हद्द ओलांडायचीये, खरंखुरं."

मॅसॅच्युसेट्सची हद्द ओलांडून न्यू हॅम्पशायर. आय-९५ हायवेवर सॅलिसबरी संपून सीब्रुक लागतं तिथे ती हद्द आहे आणि मी ती पन्नासदा ओलांडलीय, जास्त करून सेल्स टॅक्स नसतो म्हणून तिकडे लॅपटॉप-फोन घ्यायला. सीमोल्लंघन हा शब्द मला एकदाही सुचला नाही. आईचा अर्धा विरोध तिथेच संपला.

बाकीचा अर्धा गाडीच्या पूजेचा होता. दसऱ्याला गाडीची पूजा झाल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही, आणि मी म्हणतेय पहाटे सव्वापाचला निघायचं. पहाटे साडेचारला ड्राइव्हवेमध्ये नारळ फोडला तर शेजारचे काय करतील सांगता येत नाही. त्यावर बाबांनी तोडगा काढला, खंडेनवमीला संध्याकाळी उरकायची. डेपोत वर्कशॉपच्या हत्यारांची पूजा खंडेनवमीलाच व्हायची, पान्ह्याला आणि जॅकला हळदकुंकू लागायचं. तेव्हा बुधवारी संध्याकाळी आमच्या गाडीची, जॅकची, आणि बाबांच्या हट्टामुळे टायर बदलायच्या पान्ह्याचीही पूजा आहे. हाराचा प्रश्न आईने आधीच सोडवलाय. इथे फॉल आला की घराघराच्या पायरीवर भोपळे आणि शेवंतीच्या कुंड्या मांडतात, दुकानांबाहेर तर ढिगाने असतात. आई संध्याकाळी फिरायला जाते आणि रोज येऊन तेच म्हणते, "सगळ्यांच्या दारात एवढाली शेवंती, आन् एक फूल कुणी देवाला वाहत नाही."

आता रस्ता. सगळे जण करतात काय, तर आय-९३ ने सरळ लिंकनला जातात आणि तिथून पूर्वेकडे कॉनवेला. आम्हीही तेच केलं होतं. मी ह्या वेळी उलटं करणार आहे. पहाटे आय-४९५ ने आय-९५ ला लागून पोर्ट्समथवरून रूट १६ पकडायचा, डोव्हर, रॉचेस्टर, ऑसिपी करत कॉनवे, आणि तिथून कँकवर पश्चिमेकडे. ह्याला दोन कारणं आहेत, एक म्हणजे सकाळचं ऊन पाठीमागून येतं, समोरच्या डोंगरावर पडतं आणि ड्रायव्हरच्या डोळ्यात जात नाही, आणि दुसरं म्हणजे लिंकनकडून येणारी गर्दी अकरा-साडेअकराला वर चढायला लागते तोवर आपण अर्धा रस्ता बघून मोकळे. शिवाय कँकचा फाटा कॉनवे गावातच लागतो, पुढे नॉर्थ कॉनवेला आउटलेट मॉल आहेत तिथली गर्दी आपल्याला लागतच नाही, फक्त घरच्यांना ते मॉल आहेत हे सांगायचं नाही.

वाटेत कॉनवेच्या आधी चोकोरुआ म्हणून तळं आहे, रूट १६ ला अगदी खेटून. मागे त्याच नावाचा टोकदार खडकाळ डोंगर, आणि वारा नसेल तर तो अख्खा पाण्यात उलटा दिसतो. पावणेआठपर्यंत तिथे पोहोचलो तर धुकं असेल थोडं. पहिला चहा तिथे, थर्मासमधला.

मग कँक. सहाएक मैलांवर उजव्या हाताला अल्बनीचा झाकलेला पूल आहे, १८५८ चा, लाकडी. वरून छप्पर आणि दोन्ही बाजूंना भिंती असलेले पूल इथे ठिकठिकाणी दिसतात, आणि सगळ्यांना वाटतं की माणसं भिजू नयेत म्हणून केलेत, पण ते छप्पर लाकडासाठी असतं, पावसा-बर्फाने सांगाडा कुजू नये म्हणून. बाबांना हे एकदम पटलं. म्हणाले, आमच्या एसटीचं छप्पर गळायचं तेव्हा आतली फळकुटं अशीच जायची. 

पुढे स्विफ्ट रिव्हर रस्त्याच्या सोबतीने वाहते. लोअर फॉल्स, रॉकी गॉर्ज. ह्यातलं एकच करणार, बहुतेक रॉकी गॉर्ज, तिथे पार्किंगपासून चालणं कमी आहे. पण आईला मला सॅबाडे फॉल्स हा धबधबा दाखवायचाच आहे. अर्ध्या मैलाच्या आतली वाट आहे, चढ सौम्य, तिच्या गुडघ्यांना झेपेल, आणि तिथे बाकडी-टेबलं आहेत, जेवण तिथेच. मग शुगर हिल ओव्हरलुक, मग खिंड, मग पलीकडे उतरताना हॅनकॉकचं ते एकच मोठं हेअरपिन वळण.

ते वळण बाबांनी आधीच पाहून ठेवलंय. म्हणजे झालं असं की मी त्यांना यूट्यूबवर कँकचा एक डॅशकॅमचा व्हिडिओ लावून दिला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा, कुणी बोलत नाही, नुसता रस्ता. मला वाटलं पाच मिनिटं बघतील. त्यांनी सगळा बघितला. खुर्ची पुढे ओढून, उजवा पाय मधूनच दाबत. शेवटी निकाल दिला, "ह्याला घाट म्हणत्यात व्हय? आमचा आंबेनळी आणून ठेवा म्हणावं शेजारी. एक वळण सोडलं तर टॉप गियरला जाईल गाडी." कँकामॅगस त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यांनी त्याचं कंकण घाट असं बारसं करून टाकलंय आणि आता घरात सगळे तेच म्हणतो. खरा कँकामॅगस हा ह्या भागातल्या पेनाकूक लोकांचा सतराव्या शतकातला सरदार, नावाचा अर्थ निर्भय असा सांगतात. बाबा म्हणाले मग तर बरोबरच आहे, घाटाला निर्भय माणसाचंच नाव पाहिजे.

त्याच व्हिडिओत त्यांनी आणखी एक गोष्ट हेरली जी मी इतक्या वर्षांत बघितली नव्हती, रस्त्याच्या नंबराच्या पाटीवर माणसाच्या चेहऱ्याची बाजूची आकृती असते. "हा कोण?" म्हणून विचारलं. तो 'ओल्ड मॅन ऑफ द माउंटन', जवळच फ्रँकोनिया नॉचमध्ये कड्यावर दगडांचा म्हाताऱ्याच्या चेहऱ्यासारखा आकार होता, न्यू हॅम्पशायरची निशाणीच ती. ३ मे २००३ ला तो कडा कोसळला. म्हातारा गेला पण पाट्यांवर अजून ड्युटीवर आहे. बाबांना हे फार आवडलं, दोनदा म्हणाले, "ड्युटीवर आहे."

आता थोडं कामाचं, कोणी खरंच जाणार असेल तर. पेट्रोल कॉनवेला टाकी काठोकाठ, वर सांगितलंच. कँकवर मोबाइलला रेंज जवळजवळ नाही, म्हणून नकाशा आधी डाउनलोड करून ठेवायचा आणि 'वर गेल्यावर ठरवू' हा प्रकार करायचा नाही. फॉरेस्टच्या जागांवर पार्किंगचे दिवसाला पाच डॉलर असतात आणि तिथे माणूस नसतो, एक लोखंडी पेटी असते, पाकिटात पैसे घालून पेटीत टाकायचे आणि चिठ्ठीचा तुकडा काचेमागे ठेवायचा, तेव्हा सुटे पाच डॉलर कॅश हवेत. नॅशनल पार्कचा वार्षिक पास असेल तर तो चालतो. हॅम्प्टन, डोव्हर, रॉचेस्टरला टोल आहेत, ईझीपास, म्हणजे इथला फास्टॅग, असला की झालं. वरची टॉयलेट्स म्हणजे खड्ड्याची, पाणी नाही, सॅनिटायझर आणि कागद आपला. हा मुद्दा आईला मी अजून नीट सांगितलेला नाही. रॉचेस्टरजवळ डंकिनला थांबा ठेवलाय तो त्यासाठीच, कॉफी हे निमित्त. आणि थंडी, खाली पंधरा अंश असलं तरी वर वाऱ्यात कानटोपी लागते, बाबा मफलर घेतातच, आई 'मला काही होत नाही' म्हणते आणि मग माझं जॅकेट घालते, म्हणून मी दोन घेणार आहे.

जेवणाचं माझ्या हातात काही नाही. माझी सूचना होती की सँडविच करू. आईने माझ्याकडे बाबांनी जावयाकडे बघितलं होतं तसं बघितलं. दसरा आहे, उपवास सुटायचाय. पुरणपोळ्या आदल्या रात्री, सोबत तिखटमिठाच्या पुऱ्या, कोरडी बटाट्याची भाजी, लोणचं, आणि श्रीखंड बर्फाच्या डब्यात. नैवेद्य पहाटे साडेचारला. म्हणजे झोपायचं कधी हा प्रश्न मी विचारला नाही. परतीच्या वाटेवर कुठल्यातरी फार्मवर सायडर डोनट घेणार आहोत, गरम, साखरेत घोळवलेले, सफरचंदाच्या रसातले. ते मात्र आई खाईल, तिने एकदा इथल्या फार्मर्स मार्केटमध्ये खाल्लेत आणि 'अनारशाचा लांबचा भाऊ' म्हणून पास केलेत.

मधे एक दिवस चिरंजीवांनी शाळेतून पानांचा प्रोजेक्ट आणला. वहीत चिकटवायची पानं, खाली नावं. आई आणि तो अंगणात बसले होते आणि त्याने तिला शिकवलं की आजी, पान हिरवं असतं क्लोरोफिलमुळे, थंडी पडायला लागली, दिवस लहान झाला की झाड क्लोरोफिल बनवणं बंद करतं, मग खाली दडलेला पिवळा रंग दिसतो, तो आधीपासून असतोच. पण लाल रंग तसा नसतो, तो झाड नवीन बनवतं, पानात अडकलेल्या साखरेतून. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारठा असला, पण पाणी गोठण्याइतका नाही, की लाल छान येतो. आईने सगळं ऐकून घेतलं. मग लाल मेपलचं एक पान देठाला धरून फिरवत म्हणाली, "आमच्या गावाकडं कोशिंब असतो ना, त्याची पालवी चैत्रात अशीच लालभडक येती. हिथं झाड जाताना नटतंय, आमच्याकडं येताना."

मी नंतर शोधलं, कोवळ्या पालवीचा तो लालपणासुद्धा अँथोसायनिन ह्याच रंगद्रव्याचा असतो. तिला सांगितलं. "मग मी काय म्हटलं?" म्हणाली.

त्या दिवसापासून तिने पानं बघायला कशाला हा प्रश्न बंद केला. आता तिचा प्रश्न वेगळा आहे: तिथे पिवळी पानं पडलेली असतील का, आणि उचलली तर कोणी रागवेल का. कारण आपटा इथे नाही. दरवर्षी आम्ही मंडळाच्या दसऱ्याला कागदाची कापलेली सोनेरी पानं एकमेकांना देतो, त्याला सोनं म्हणायचं म्हणजे जीभ अडखळते. तिने नातवाच्या वहीत बर्चचं पान बघितलंय, लहान, पिवळंधमक, आपट्यासारखं दोन दलांचं नाही पण रंगाने खरं सोनं. झाडाचं तोडायचं नाही, खाली पडलेली चार-पाच, एवढं चालेल असं मी म्हटलंय. "लुटायचं असतं सोनं," ती म्हणाली, "मोजून आणायचं नसतं." बघू, रेंजर दिसला तर मी गाडीत बसेन.

पाऊस आला तर? हा प्रश्न नवऱ्याचा, त्याला प्लॅन बी लागतो. पाऊस रिमझिम असला तर जायचंच, ओल्या खोडांवर रंग उलट जास्त उठून दिसतात, आणि अर्धे लोक घरी बसतात. वारा आणि जोराचा पाऊस असेल तर मात्र कँक रद्द, आणि मग रंग खाली दक्षिणेत यायची वाट बघायची, ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात इथेच जवळ क्वाबिन जलाशयाला जायचं. तासाभराच्या आत. बॉस्टनला पाणी पुरवायला बांधलेलं धरण आहे ते, त्यासाठी डॅना, एनफील्ड, ग्रीनिच, प्रेस्कॉट अशी चार गावं १९३८ मध्ये कागदोपत्री रद्द करून उठवली. बाबांना हे सांगितलं तर त्यांनी कोयनेची गोष्ट काढली, त्यांची मावशी त्या पाण्याखाली गेलेल्या एका गावची, आणि मग ते बराच वेळ त्याच्यावरच बोलत राहिले. मला वाटतं पाऊस न येताही आम्ही क्वाबिनला जाऊ.

काल रात्री बाबांनी बँकेच्या एका रिकाम्या पाकिटाच्या मागच्या बाजूला वेळापत्रक लिहून फ्रिजवर लावलंय. त्यांच्या त्या तिरक्या, ठसठशीत अक्षरात. वर 'श्रूजबरी – कंकण घाट, मार्गे रॉचेस्टर', उजव्या कोपऱ्यात 'जलद', मग ते खोडून 'साधी', कारण आईने थांबे वाढवले. खाली सुटण्याची वेळ ५.१५, रॉचेस्टर चहा-पाणी १० मिनिटे, चोकोरुआ ७.४५, पूल ८.३०, सॅबाडे जेवण ११.००, खिंड, हेअरपिन (शेजारी लाल शाईने 'गियर'), लिंकन २.००. सगळ्यात खाली 'वस्ती नाही'. गाडी आमची ऑटोमॅटिक आहे हे मी त्यांना सांगितलंय, ते म्हणाले असू दे, L असतो ना त्यात.

नातवाने ते पाकीट वाचून जाड पुठ्ठ्यावर पाटी रंगवायला घेतलीय, काचेत लावायला. मराठी अक्षरं त्याची कच्ची आहेत, 'कंकण' चं 'ककंण' झालंय, पण बाबांनी ते तसंच ठेवायला सांगितलंय. तिकिटंही कापून ठेवलीयत त्याने, पाच, आणि आईकडे ओवाळायच्या ताटातली घंटी आहे. आता फक्त निघताना डबल बेल कोण मारणार ह्यावर आजी-नातवाची जुंपलीय, आणि त्यात मी पडणार नाहीये.